दोन डबे, एक पिशवी

"पण स्ट्रिक्ट तर लावलं होतं ना!"

मागच्या आठवड्यात आमच्या टीममधली एक फ्रेशर हे वाक्य म्हणाली आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घुमतंय. अगदी रडवेली झाली होती बिचारी. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. कारण तिचा कोड तपासून "ठीक आहे, टाक" असं म्हणणारा मीच होतो!

तर झालं असं. आमच्याकडे एक जुनी पर्ल स्क्रिप्ट आहे. (हो, पर्ल. नाकं मुरडू नका. ज्या गोष्टी निमूटपणे चालतात त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून त्या टिकतात.) ही स्क्रिप्ट रोज रात्री दोन फायली वाचते. पहिल्या फाईलमध्ये छोट्या दुकानदारांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या व्यवहारांचे नंबर. दुसरीत आज जे जमा व्हायला हवे होते त्यांचे नंबर. दुसऱ्या यादीत आहे पण पहिलीत नाही, असा नंबर दिसला की तो 'राहिलेला'. सकाळी सात वाजता राहिलेल्यांची यादी मेलने येते, आणि मग कोणीतरी बसून ते पैसे कुठे अडकले ते शोधतं. बस्स, एवढंच काम.

ही स्क्रिप्ट कित्येक वर्षं यूज स्ट्रिक्टशिवाय चालत होती. सगळे ॲरे ग्लोबल. कुठल्याही सबरूटीनने कुठलाही ॲरे उचलावा, वापरावा, ठेवून द्यावा. आपल्याकडे एकत्र कुटुंबात टॉवेल वापरतात तसं. फ्रेशरला काम दिलं, "ही स्क्रिप्ट जरा साफ कर." तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे फाईलच्या डोक्यावर यूज स्ट्रिक्ट आणि यूज वॉर्निंग्ज लिहिलं. शाळेतून शिकून आलेल्या चांगल्या मुलीने जे करावं तेच. लगेच पर्लने पन्नास तक्रारी केल्या: हे व्हेरिएबल कुठलं, ते कोणी जाहीर केलं? तिने एकेक करून सगळीकडे 'माय' लावलं. (पर्लमधली माय म्हणजे आई नव्हे, 'माझं'. हे व्हेरिएबल फक्त या कंसातलं, असं सांगायची पद्धत.) आता ॲरे आपापल्या सबरूटीनमध्ये बंद झाले, त्यामुळे दुसऱ्या सबरूटीनला ते हातात द्यावे लागले. म्हणून तिने असं लिहिलं. नावं आणि शब्द देवनागरीत लिहितोय, खुणा पर्लच्याच आहेत:

राहिलेले(@आलेले, @अपेक्षित);

आणि सबरूटीनच्या आत पहिली ओळ:

माय (@आलेले, @अपेक्षित) = @_;

दिसायला किती छान! दोन याद्या दिल्या, दोन याद्या घेतल्या. एकही एरर नाही. एकही वॉर्निंग नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता मेल यायला लागला: राहिलेले ०.

आम्ही खूश! नऊ आठवडे खूश होतो. मग एका दुकानदाराचा फोन आला, "साहेब, दोन महिने झाले, पैसे कुठे आहेत?"

*

पर्ल न येणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो. येत असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.

माझ्या लहानपणी दर रविवारी दळण टाकायचं काम माझ्याकडे असायचं. एका डब्यात गहू, एकात ज्वारी. समजा मी आळशीपणाने दोन्ही डबे एकाच पिशवीत ओतून गिरणीवाल्याकडे नेले असते, तर? त्याने काय करायचं? त्याला फक्त धान्य दिसणार. कुठे गहू संपला आणि कुठे ज्वारी सुरू झाली हे त्या पिशवीत कुठेच लिहिलेलं नाही. पर्लमध्ये सबरूटीनला तुम्ही जे काही देता ते सगळं अशाच एका पिशवीत जातं. त्या पिशवीचं नाव @_. तुम्ही तीन ॲरे द्या, नाहीतर दहा, आत पोचते ती एकच सपाट यादी. आता आतल्या ओळीत 'पहिला ॲरे, दुसरा ॲरे' असं लिहिलं तर पर्ल काय करतं? पहिल्या ॲरेचं तोंड उघडं असतं, तो येईल तेवढं सगळं गिळतो. दुसऱ्याला उरतं शून्य.

म्हणजे आमच्या स्क्रिप्टमध्ये 'आलेले' या यादीत दोन्ही फायलींचे सगळे नंबर, आणि 'अपेक्षित' ही यादी कायम रिकामी. काहीच अपेक्षित नसेल तर राहणार काय? शून्य! गणित एकदम बरोबर. अपेक्षाच ठेवली नाही की अपेक्षाभंग होत नाही, असं कोणीतरी म्हटलंच असेल.

तिने टेस्टही केली होती बरं का. दोन्ही याद्या सारख्या दिल्या आणि उत्तर शून्य येतं का ते पाहिलं. आलं. मीही तेवढंच पाहिलं. एक नंबर मुद्दाम गाळून बघावं हे दोघांनाही सुचलं नाही. सगळं ठीक असताना "सगळं ठीक आहे" म्हणणं सोपंच असतं. काहीतरी बिघडलेलं असताना स्क्रिप्ट ओरडते का, हे बघायला हवं होतं.

*

आता खरा मुद्दा. ही भानगड उघड झाल्यावर ऑफिसात दोन मतं ऐकू आली. मला दोन्ही पटली नाहीत, म्हणून हा प्रपंच.

पहिलं मत फ्रेशरचं: स्ट्रिक्ट लावलं होतं, मग हे झालंच कसं?

दुसरं मत आमच्या काकांचं. (काका म्हणजे टीममधले सगळ्यात जुने पर्लवाले. वय काही फार नाही, पण सगळे काकाच म्हणतात.) ते म्हणाले, "अरे, मी सांगत नव्हतो? स्ट्रिक्ट नव्हतं तेव्हा इतकी वर्षं स्क्रिप्ट बरोबर चालली. तुम्ही लोकांनी स्ट्रिक्ट लावलं आणि वाट लावली."

गंमत म्हणजे घटनाक्रम बघितला तर काकांचं म्हणणं खोटं नाही! जुना ग्लोबल कोड गबाळा होता पण उत्तर बरोबर देत होता. नवा कोड नीटनेटका होता आणि उत्तर चूक देत होता. स्ट्रिक्ट लावलं नसतं तर ॲरे पास करायची वेळच आली नसती.

पण यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे, आणि फ्रेशरची समजूतही चूक आहे. दोघांची चूक एकच: स्ट्रिक्ट म्हणजे नेमकं काय बघतं हे दोघांनीही कधी विचारलं नाही. (मीही नाही. त्याशिवाय का "ठीक आहे, टाक" म्हणालो?)

स्ट्रिक्ट फक्त तीन गोष्टी बघतं. एक, व्हार्स: व्हेरिएबल जाहीर न करता वापरलं तर अडवतं. दोन, सब्स: अवतरणचिन्हाशिवाय सुटा शब्द लिहिला तर अडवतं. तीन, रेफ्स: साध्या अक्षरांना किंवा आकड्याला कोणी रेफरन्स म्हणून वापरू लागलं तर अडवतं. संपलं. दोन ॲरे एकत्र ओतणं यात कुठेच बसत नाही, कारण पर्लच्या दृष्टीने तो गुन्हाच नाही. तो भाषेचा स्वभाव आहे.

आणि तो स्वभाव वेडेपणाचा नाही. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल आणलं ते मजकुराच्या फायली चिवडण्यासाठी. भाषाशास्त्र शिकलेला माणूस. बोलताना आपण "भाजी, दूध आणि काल सांगितलेलं सगळं आण" म्हणतो, तशी सगळी यादी एका दमात देता यावी हे अशा माणसाला सोयीचं वाटलं तर नवल नाही. दोन ॲरे जोडायचेत? कंसात शेजारी शेजारी लिहा, झालं. तीन ॲरे एकदम सॉर्ट करायचेत? द्या सगळे सॉर्टला. पुश, प्रिंट, जॉइन, सगळ्यांची मजा या सपाटपणातच आहे. मी स्वतः हे रोज वापरतो. आणि सोय असते तिथे कुठेतरी किंमतही असतेच.

आणि हे फक्त पर्लचं दुखणं आहे असंही नाही. सी मध्ये ॲरे फंक्शनला दिला की आत फक्त त्याच्या सुरुवातीचा पत्ता पोचतो, लांबी वाटेत हरवते. म्हणून सी वाले बिचारे लांबी वेगळी पाठवत बसतात. पायथनमध्येही एक चांदणी लावून 'येतील तेवढे सगळे' घेता येतात. पण अशा दोन चांदण्या एका फंक्शनला लावल्या तर पायथन सरळ सिंटॅक्स एरर देतं. इथे पर्ल गप्प बसलं, एवढाच फरक. पण तो 'एवढाच' फरक आम्हाला नऊ आठवड्यांना पडला.

*

मग उपाय काय? उपाय जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला आहे. १९९४ साली पर्ल ५ आलं तेव्हा रेफरन्स आले. डबा न्यायचाच नाही. डबा कुठल्या फळीवर आहे ती चिठ्ठी न्यायची. चिठ्ठ्या दोन, म्हणजे पिशवीत कितीही सपाट टाकल्या तरी दोनच राहणार:

राहिलेले(\@आलेले, \@अपेक्षित);

आणि आत:

माय ($आलेले, $अपेक्षित) = @_;

मग आतून यादी हवी असेल तिथे @$अपेक्षित असं लिहायचं. एवढंच. दोन तिरक्या रेघा! पर्लच्या सोबत येणाऱ्या पर्लसब या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे यात मी काही शोध लावत नाहीये.

पण एक गोष्ट मला या आठवड्यात पहिल्यांदा नीट कळली, आणि हा लेख खरं तर तेवढ्यासाठीच लिहितोय. रेफरन्स वापरायला लागलात की स्ट्रिक्ट अचानक कामाचं होतं.

समजा आतला कोड रेफरन्सची वाट बघतोय, आणि बाहेर कोणीतरी तिरकी रेघ द्यायला विसरलं. पिशवीत पुन्हा सगळे नंबर ओतले गेले. आत पहिल्या जागी चिठ्ठीऐवजी आला ४०२१ हा व्यवहार नंबर. स्ट्रिक्ट नसेल तर पर्ल म्हणतं, "बरं, ४०२१ नावाचा ॲरे शोधतो." तो अर्थातच नसतो, म्हणजे यादी रिकामी, म्हणजे पुन्हा सकाळी "राहिलेले ०". पण स्ट्रिक्ट असेल तर? तिथल्या तिथे प्रोग्रॅम मरतो. ४०२१ हा ॲरेचा रेफरन्स नाही, स्ट्रिक्ट रेफ्स चालू आहे, अमुक ओळ. रात्रीच मरतो, सकाळी मेल येत नाही, सव्वासातला कोणीतरी फोन करतं. आम्हाला शिव्या बसतात, पण दुकानदाराचे पैसे दोन महिने अडकत नाहीत.

म्हणून माझं मत असं: तुम्ही सांगितलेली सीमाच स्ट्रिक्टला राखता येते. सांगितलीच नाही तर ते राखणार काय? दोन ॲरे तसेच ओतून दिलेत तर त्यांच्यात सीमा होती हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. रेफरन्सने सीमा लिहून दिलीत की मग स्ट्रिक्ट पहारेकरी. दोन्ही एकत्र हवेत. फ्रेशरकडे पहारेकरी होता, कुंपण नव्हतं. काकांना कुंपण नको आणि पहारेकरीही नको, कारण "इतकी वर्षं चोरी झाली नाही"!

*

काकांनी यावर तीन आक्षेप घेतले. काका हुशार आहेत, त्यामुळे आक्षेपही हुशार होते.

एक: "रेफरन्स दिला की आतला माणूस बाहेरचा मूळ ॲरे बदलू शकतो." खरंय. चिठ्ठी दिली म्हणजे फळीवरचा डबा उघडायची परवानगी दिली. पण ॲरे थेट ओतला तरी तुम्ही पूर्ण सुरक्षित नसताच. @_ मधले घटक हे मूळ घटकांचीच दुसरी नावं असतात. आतून $_[0] बदललं तर बाहेरचं बदलतं. भीती वाटत असेल तर आत पहिल्याच ओळीत प्रत काढून घ्या. यादी मोठी असेल तर प्रत काढू नका, फक्त वाचा. यादी अवाढव्य असेल तेव्हा तर रेफरन्सचा फायदाच, अख्खी यादी इकडून तिकडे वाहावी लागत नाही.

दोन: "मग प्रोटोटाइप का नाही लावत?" सबरूटीनच्या नावापुढे (\@\@) असं लिहिलं की बाहेरून साधे ॲरे द्यायचे, रेफरन्स पर्ल स्वतः बनवतं. पर्लचं स्वतःचं पुश असंच वागतं. आकर्षक आहे. पण ही सोय काम करण्यासाठी पर्लला ती घोषणा हाक मारण्याच्या आधी दिसलेली असावी लागते. मेथड म्हणून हाक मारलीत तर प्रोटोटाइप बघितलाच जात नाही. नावाआधी अँपरसँड लावलात तरी नाही. डेमियन कॉनवे यांनी २००५ सालच्या 'पर्ल बेस्ट प्रॅक्टिसेस' या पुस्तकात प्रोटोटाइप वापरूच नका असा सल्ला दिला होता, आणि मला तो पटतो. माझं कारण साधं आहे: हाक मारणाऱ्या ओळीकडे बघून मला कळलं पाहिजे की आत काय जातंय. तिरकी रेघ ते सांगते, प्रोटोटाइप ते लपवतो.

तीन: "पहिल्या ॲरेची लांबी आधी पाठवा, आत तेवढे मोजून वेगळे करा." चालेल की! सी वाल्यांचा उद्योग आपण हौसेने करायचा असेल तर. उद्या तिसरा ॲरे आला की दोन लांब्या, आणि एक मोजणी चुकली की पुन्हा गव्हात ज्वारी.

परत येतानाही हाच खेळ आहे, हे विसरू नका. सबरूटीनने शेवटी दोन ॲरे रिटर्न केले तर तेही सपाट होऊनच बाहेर येतात. तिथेही रेफरन्सच द्यायचे.

आणि एक कबुली माझ्या बाजूची. रेफरन्स आणि स्ट्रिक्ट एकत्र लावूनही एक फट उरते. दुसरी चिठ्ठी द्यायलाच विसरलात आणि आत त्यावर सरळ फॉरईच फिरवलंत, तर पर्ल तिथल्या तिथे एक कोरा ॲरे तयार करून देतं आणि लूप शून्य वेळा फिरून गुपचूप बाहेर पडतो. स्ट्रिक्ट असूनही! म्हणून आत शिरल्या शिरल्या एक ओळ लिहायची: @_ मध्ये बरोबर दोनच गोष्टी आल्यात ना? नसतील तर डाय. दोन सेकंदांचं काम आहे.

नव्या पर्लमध्ये हे सगळं बरंच सोपं झालंय. ५.१२ पासून (२०१०) प्रोग्रॅमच्या डोक्यावर तेवढी आवृत्ती लिहिली की स्ट्रिक्ट आपोआप लागतं. ५.३६ मध्ये (२०२२) सबरूटीनच्या सिग्नेचर पक्क्या झाल्या. सिग्नेचरमध्ये दोन ॲरे शेजारी शेजारी लिहिले तर पर्ल कंपाइलच करत नाही. आणि दोन साधे स्केलर लिहून कोणी कमी-जास्त आर्ग्युमेंट दिले तर चालताना मरतं. म्हणजे पर्ललाही शेवटी वाटलंच की इथे गप्प बसणं बरं नव्हे! ज्यांचा सर्व्हर नवा आहे त्यांनी हे आजच वापरावं. आमच्या सर्व्हरवर अजून ५.१६ आहे, त्यामुळे आम्ही तिरक्या रेघा मारतो.

*

मीटिंगचं सांगायचं राहिलं. कॉलवर मॅनेजरनी विचारलं, "हा बदल कोणी केला?" व्हर्जन कंट्रोलमध्ये नाव फ्रेशरचं होतं. सगळे गप्प. तीही गप्प. मला म्यूट काढायला चांगला अर्धा मिनिट लागला. मग म्हणालो, "रिव्ह्यू मी केला होता. वरती स्ट्रिक्ट बघितलं आणि पुढचं नीट वाचलं नाही." त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते. बगपेक्षा जास्त.

कारण सपाट झालेल्या ॲरेसारखंच होतं ते. काम दोघांचं होतं, पण बाहेर नाव एकाच यादीत गेलं होतं.

राहिलेले सगळे व्यवहार शोधून झाले, पैसे पोचले. स्क्रिप्ट दुरुस्त झाली, दुरुस्त तिनेच केली. टेस्टमध्ये आता एक नंबर मुद्दाम गाळलेला असतो, आणि स्क्रिप्टने तो पकडला नाही तर बिल्ड अडतं. काकांनी कोड बघितला, तिरक्या रेघांवर नाक मुरडलं, आणि "चालेल" म्हणाले. काकांचं "चालेल" म्हणजे फार झालं.

तुमच्याकडेही अशी एखादी जुनी स्क्रिप्ट असेलच. या विकेंडला दहा मिनिटं काढा आणि तिच्यात एकच गोष्ट शोधा: 'माय' च्या कंसात एकापुढे एक दोन ॲरे, आणि बरोबर चिन्हापुढे @_. सापडली तर सोमवारची वाट बघू नका.